परशुरामाचा बाण आणि कार्ल्याचा सुतार

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले की दहा-बारा किलोमीटरवर कर्नाळ्याचा अंगठा दिसू लागतो. किल्ल्याच्या डोक्यावर उभा असलेला हा सुळका काळ्या बेसाल्टचा आहे. सगळा सह्याद्री ज्या लाव्ह्यातून घडला त्याच लाव्ह्याचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. या सुळक्याच्या सावलीत राहणाऱ्या माणसाला लहानपणापासून सांगितलेले असते की कोकण ही परशुरामाची भूमी. एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करून ती दान दिल्यावर स्वतःला राहायला जागा उरली नाही, म्हणून त्याने सह्याद्रीवरून बाण मारला, समुद्र मागे हटवला आणि ही चिंचोळी पट्टी मोकळी केली. कथा सुंदर आहे आणि ती सांगण्याला कोणाचीच हरकत नसावी. हरकत येते ती या कथेला इतिहास म्हटले जाते तेव्हा. अलीकडे ते फार सहज म्हटले जाते, भाषणात, स्मरणिकांत, मोबाइलवरच्या संदेशांत. मग विचारावे लागते की परशुराम नावाचा माणूस होऊन गेला, याला पुरावा काय?

सर्वांत सोपा भाग आधी उरकू. जमीन समुद्रातून वर आली, हे माणसाच्या आठवणीतले असू शकत नाही. कर्नाळ्याचा दगड माणूस नावाचा प्राणी अवतरण्याच्या कोट्यवधी वर्षे आधीपासून हवेत उभा आहे. यावर सुशिक्षितांचे एक ठरलेले उत्तर असते: कथा शब्दशः घेऊ नका, समुद्र मागे हटल्याची ती लोकस्मृती आहे. पण भूविज्ञान नेमके उलटे सांगते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर-सव्वाशे मीटर खाली होती. बर्फ वितळला तसा समुद्र चढत गेला आणि किनाऱ्याची रुंद पट्टी त्याने गिळली. नंतरच्या काही हजार वर्षांत पातळी थोडी वरखाली झाली, नद्यांच्या गाळाने सोपारा आणि चौल यांसारखी बंदरे बुजली, हे खरे. पण कोकणात वस्ती करणाऱ्या माणसाने मोठा बदल पाहिला असेल तर तो जमीन गेल्याचा. त्याची स्मृती उरली असती तर कथा बुडालेल्या गावांची झाली असती.

कथेला स्वतःचाही एक इतिहास आहे, आणि तो शोधता येतो. महाभारताच्या शांतिपर्वात कश्यप परशुरामाला दक्षिण समुद्राकडे निघून जायला सांगतो आणि समुद्र त्याच्या धाकाने शूर्पारक नावाचा प्रदेश त्याला करून देतो. बस, एवढेच. बाण नाही, मोजमाप नाही, वसाहती नाहीत. रामायणातला परशुराम तर महेंद्र पर्वतावर राहतो. कोकणाशी त्याचे देणेघेणेच नाही. पुढे सह्याद्रिखंडात याच बीजाचे झाड झालेले दिसते. हा ग्रंथ स्वतःला स्कंदपुराणाचा भाग म्हणवतो, पण त्याचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या काळी जोडले गेले आहेत. गोव्याच्या गेर्सन द कुन्हा यांनी १८७७ साली तो मुंबईत छापून काढला. त्यात परशुराम नुसती जमीन काढून थांबत नाही. कोणत्या ब्राह्मणांना कुठून आणले, कोणाला कोणती गोत्रे दिली, कोण वरचा, कोण शापित, याचे हिशेब तिथे मांडलेले आहेत. केरळात हीच कथा ‘केरळोल्पत्ती’त सांगतात, तेव्हा बाणाच्या जागी परशू येतो, भूमी गोकर्णापासून कन्याकुमारीपर्यंत पसरते आणि तिच्यात ब्राह्मणांची चौसष्ट ग्रामे वसतात. एकाच किनाऱ्यावर ठिकठिकाणी एकच कथा सांगितली जाते आणि प्रत्येक ठिकाणी तिच्यातून तिथल्या जमिनीचा हक्क आणि तिथल्या जातींचा दर्जा सिद्ध होतो. असे दिसले की कथा कशासाठी सांगितली जात होती हे कळते. नायक होता की नव्हता, ते त्यातून कळत नाही.

मग दगडावर काही आहे का? आहे, आणि ते फार मोलाचे आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आरंभीचे. त्यांपैकी एकात त्याने चरक संन्याशांच्या परिषदांना नारळाची झाडे दान दिल्याची नोंद आहे, आणि त्या परिषदा जिथे होत्या त्या ठिकाणांत शूर्पारकाचे रामतीर्थ आहे. महाभारतातला संदर्भ जमेस धरला तर हा राम बहुधा जमदग्नीचा मुलगा. म्हणजे एकोणीसशे वर्षांपूर्वी आजच्या नालासोपाऱ्याला त्याच्या नावाचे तीर्थ होते, तिथे साधू राहत होते आणि एका शक सरदाराला तिथे दान करणे पुण्याचे वाटत होते. उत्साही माणूस इथेच उडी मारतो: पाहा, शिलालेख मिळाला, परशुराम सिद्ध झाला! पण लेख ज्याची साक्ष देतो ते आहे तीर्थ आणि दान. लेखाची तारीख ही श्रद्धेची तारीख आहे. त्या तारखेला लोक मानत होते, एवढे निश्चित होते. ज्याला मानत होते तो त्याआधी कधी देहाने वावरला का, या प्रश्नाला तो दगड स्पर्शही करत नाही.

हा फरक एकदा ध्यानात घेतला की महाराष्ट्रातले अनेक शिलालेख वेगळे दिसू लागतात. नाशिकच्याच तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. आपला दिवंगत मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याची थोरवी सांगताना ती माउली त्याची तुलना राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांच्याशी करते. गंमत अशी की त्याच लेणीसमूहाला आज लोक पांडवलेणी म्हणतात. ज्या लेण्यात अर्जुन आणि भीम केवळ उपमा म्हणून येतात, ते लेणे पुढच्या पिढ्यांनी त्यांच्याच नावावर चढवले! जुन्नरजवळच्या नाणेघाटात त्याआधीचा, इसवी सनपूर्व पहिल्या शतकाचा मानला जाणारा राणी नागनिकेचा लेख आहे. त्याच्या आरंभी इंद्र, चंद्र, सूर्य आणि लोकपालांच्या जोडीने संकर्षण आणि वासुदेव यांना नमन आहे. कृष्णभक्तीचा हा दख्खनमधला अतिशय जुना पुरावा. पण ‘भक्तीचा’ हा शब्द तिथून काढता येत नाही. त्याच गुहेत सातवाहन घराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता नुसत्या पावलांच्या खुणा आणि वरच्या नावपट्ट्या उरल्यात. तरीही सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्याविषयी इतिहासकार निःशंक आहे, कारण नाणी आहेत, लेख आहेत, दानांच्या आणि यज्ञांच्या याद्या आहेत. मूर्ती मोडून गेलेली राणी इतिहासात आहे आणि तिने ज्याला नमन केले तो वासुदेव तिच्या श्रद्धेत आहे. दोघांनाही एकाच भिंतीवर जागा आहे, पण पुराव्याच्या वहीत त्यांची पाने वेगळी.

‘आमच्याच देवांवर का?’ हा आक्षेप इथे येणारच, आणि तो रास्त आहे. मोजपट्टी एकच हवी. सोपाऱ्यालाच राहू. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथला स्तूप उकरला. आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले तांबे, चांदी, दगड, स्फटिक आणि सोन्याचे करंडक, आणि सगळ्यांत आतल्या सोन्याच्या करंडकात काय, तर मातीच्या भांड्याचे तेरा इवलेसे तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून ते जपलेले होते. जवळच यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. आता हे तुकडे बुद्धाच्या पात्राचे, असे कोणी छातीठोकपणे म्हणेल? बुद्धानंतर कित्येक शतकांनी कोणी तरी ते तसे मानून सोन्यात ठेवले, एवढेच आपल्याला कळते. बुद्ध ही ऐतिहासिक व्यक्ती होती असे अभ्यासक मानतात ते या खापरांमुळे नव्हे. लुंबिनीला अशोकाचा स्तंभ आहे, तोही बुद्धानंतर निदान शे-दीडशे वर्षांनी, काहींच्या मते त्याहूनही बऱ्याच उशिरा उभारलेला. पण त्याच्या जोडीला वेगवेगळ्या पंथांनी जपलेले जुने सूत्रसाहित्य आहे, त्यात ओळखता येणारी राज्ये, नगरे आणि प्रतिस्पर्धी आचार्य आहेत. तरीही चरित्राचा तपशील निःशंक ठरत नाही. धर्मानंद कोसंबींनी तेच दाखवून दिले. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून मध्यरात्री राजवाडा सोडणारा सिद्धार्थ त्यांना प्राचीन पाली सुत्तांत सापडला नाही. तिथे तो रडणाऱ्या आईबापांसमोर घर सोडतो. शाक्य आणि कोलिय यांच्यातला रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा हे त्यामागचे कारण असावे, असे त्यांनी मांडले. या तर्काशी मतभेद होऊ शकतो. पण बुद्धासाठी घरदार सोडून सिंहल-ब्रह्मदेश पालथे घालणाऱ्या या गोव्याच्या माणसाला चिकित्सा करताना श्रद्धा आडवी आली नाही, हे विसरू नये.

रायगड जिल्ह्यातच आणखी एक उदाहरण आहे. पनवेलमध्ये बेने इस्राएल समाजाचे एकोणिसाव्या शतकातले सिनेगॉग आहे. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेली सात जोडपी ही आपली मूळ माणसे, असे हा समाज सांगतो. अलिबागजवळच्या सागावला एका खडकावर खुणा आहेत आणि त्या एलियाहू हनबीच्या रथाच्या, असे मानून तिथे नवस फेडतात, मलिद्याचे ताट ठेवतात. इस्राएलचा प्रेषित अलिबागेत उतरल्याचा हा पुरावा झाला का? नाही. पण आपली भाषा मराठी झाली, आडनावे गावांवरून पडली तरी आपला प्रेषित इथल्या मातीत उतरवून घेणाऱ्या एका समाजाचा तो फार बोलका पुरावा आहे. येशूच्या बाबतीत तर युरोपातल्या ख्रिस्ती विद्वानांनीच दोनशे वर्षे स्वतःचे ग्रंथ पिंजून काढले. डेव्हिड स्ट्राउस या जर्मन पंडिताने १८३५ साली येशूच्या चरित्रातले चमत्कार पुराणकथा ठरवले आणि नोकरी गमावली. आज बहुतेक इतिहासकार येशू हा माणूस होऊन गेला असे मानतात, कारण त्याच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांत लिहिलेली पॉलची पत्रे आहेत, पुढे टॅसिटससारख्या परक्या, तुच्छतेने लिहिणाऱ्या रोमन लेखकाची साक्ष आहे. पाण्यावर चालणे मात्र त्यांनी इतिहासात घेतले नाही.

परक्याची आणि विरोधकाची साक्ष का महत्त्वाची, हे कळायला कर्नाळ्याच्या पायथ्याशी जावे. शिरढोण हे वासुदेव बळवंत फडक्यांचे गाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. वासुदेव बळवंतांभोवती दंतकथा कमी नाहीत. त्या सगळ्या बाजूला काढल्या तरी माणूस शिल्लक राहतो: १८७९ सालचा खटला, त्यांची स्वतःची रोजनिशी, त्यांना पकडणाऱ्या सरकारचे कागद, एडनच्या तुरुंगात १८८३ साली झालेला अंत. याउलट कर्नाळा किल्ला बांधला कोणी, हे सांगणारा एकही अस्सल कागद किंवा दगड नाही. यादवांचे नाव घेतात ते अंदाजाने. किल्ल्यावरच्या फारसी लेखात सय्यद नुरुद्दीन मुहम्मद खान हे नाव आणि हिजरी ११४६, म्हणजे इसवी सन १७३३-३४, एवढेच आहे. मराठी लेखाला साल नाही आणि त्याचा अर्थही नीट लागत नाही. सात-आठशे वर्षांपूर्वीच्या, डोळ्यांसमोर उभ्या असलेल्या किल्ल्याबद्दल आपण हात राखून बोलतो आणि कित्येक हजार वर्षांपूर्वीच्या पुरुषाची जन्मतिथी छातीठोक सांगतो, याला काय म्हणावे?

‘पुरावा नाही म्हणजे तो नव्हताच असे नाही’ हे बरोबर आहे. मीही तो नव्हता असे म्हणत नाही. पण या वाक्याने ‘होता’ हेही सिद्ध होत नाही, आणि इतिहास म्हणून दावा करणाऱ्यानेच पुरावा द्यायचा असतो. मौखिक परंपरेचा आधार घेणारे वेदपठणाकडे बोट दाखवतात. पद, क्रम, जटा, घन असे पाठ करून शब्द राखण्याची आपली पद्धत खरोखर अजोड आहे; मात्र शब्द जसाच्या तसा टिकला म्हणून त्यात सांगितलेली घटना घडली असे ठरत नाही, आणि महाकाव्ये तर तशी पाठ केलीच गेली नाहीत. पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली, तेव्हा विष्णु सीताराम सुखठणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाराशेंवर हस्तलिखिते धुंडाळली. प्रांतागणिक श्लोक वाढलेले आढळले. सूत आणि कथेकरी सांगता सांगता भर घालत होते. त्यांना कोणी इतिहास लिहायला बसवले नव्हते. चिकित्सा म्हणजे परक्यांची लागण, असे म्हणणाऱ्यांनी ही नावे तरी वाचावीत: भगवानलाल, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, सुखठणकर, सांकलिया. हसमुख सांकलियांनी तर डेक्कन कॉलेजात बसून रामायणातली लंका सिंहलद्वीप नव्हे, मध्य भारतात कुठे तरी असावी, असे मांडले आणि भरपूर रोष पत्करला.

सध्या चलती आहे ती ग्रहगणिताची. ग्रंथातली ग्रहस्थिती संगणकात घालायची आणि तारीख काढायची. पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांनी रामजन्म इसवी सनपूर्व ७३२३ च्या डिसेंबरात बसवला. पुष्कर भटनागरांनी तो इसवी सनपूर्व ५११४ च्या जानेवारीत आणला. ग्रंथ तोच, आकाश तेच, आणि फरक बावीसशे वर्षांचा. शिवाय जन्मवेळेच्या वर्णनात कर्क लग्न येते, आणि बारा राशींची ही पद्धत ग्रीकांशी संपर्क आल्यावर, इसवी सनाच्या आसपासच्या शतकांत, आपल्याकडे रुळली. म्हणजे ती कुंडली मांडणारा कवी त्यानंतरचा. त्याने नायकाला शोभेल असे आकाश रचले. कवीने ते करायचेच असते.

या वादात दुसऱ्या बाजूलाही तोच मोह पडतो, आणि त्याबद्दल सहसा बोलले जात नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त चिरंजीव परशुरामाला जाहीर नोटीसच काढली: तुम्ही अमर आहात तर सहा महिन्यांच्या आत हजर व्हा. पुराव्याची मागणी याहून झणझणीत मराठीत कोणी केली नसेल. पण त्याच पुस्तकात परशुराम हा आक्रमकांचा क्रूर सेनानी आणि बळीराजा हा इथल्या रयतेचा न्यायी राजा, असा पुराणकथेचा उलटा डाव मांडून तोच इतिहास म्हणून सांगितला आहे. फुल्यांचा हेतू शूद्रातिशूद्रांना उभे करण्याचा होता आणि तो हेतू कथेच्या बळावर साधलाही. तरी परशुरामाला पुरावा नाही म्हणणाऱ्याने बळीराजाला तरी तो कुठून आणायचा? एकाने पूजला आणि दुसऱ्याने धिक्कारला, तरी दोघांनी त्याला हाडामांसाचा माणूस धरले, ही पुराणाची किमया. आजच्या जातींच्या अस्मितेची भांडणे बहुतेक याच जमिनीवर चालतात.

एवढा खटाटोप कशाला, श्रद्धा आहे तर असू द्या की, असे मवाळ माणूस म्हणतो. श्रद्धा जरूर असू द्या; पेढ्याच्या परशुरामाला जाणाऱ्याने जावे, ब्रह्मेंद्रस्वामींनी अठराव्या शतकात त्या देवस्थानासाठी केलेली खटपट हा स्वतंत्र, कागदोपत्री आणि वाचनीय इतिहास आहे. माझी तक्रार वेगळी आहे. पुराव्याविना एकाला इतिहासात बसवले की पुरावा असलेला दुसरा कोणी तरी उठवला जातो. पनवेलवरून बोरघाट चढून गेले की कार्ल्याचे लेणे लागते. आगरी-कोळ्यांची आई एकवीरा तिथेच, चैत्यगृहाच्या तोंडाशी. कोकणातून पालख्या तिथे जातात. मंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधले अशी कथा आहे, आणि ऐकणारा ती शेजारच्या लेण्यालाही लावून मोकळा होतो. लेण्यावर मात्र नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल म्हणतो की जंबुद्वीपातले हे उत्तम शैलगृह आपण पूर्ण केले. धेनुकाकटाचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त एक दार देतो. दाराचे काम करणारा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, आपले नाव घालतो. खांबांवर दान देणारे यवन आहेत. सुतार आणि गंध्याला आपल्या इतिहासात नावानिशी जागा मिळाल्याची अशी उदाहरणे मोजकीच. मधल्या काळात ब्राह्मी लिपी कोणाला वाचता येईना, म्हणून तेव्हाच्या लोकांनी एवढे प्रचंड काम पांडवांच्या नावे लावले, त्यांना दोष देता येत नाही. १८३७ साली प्रिन्सेपने ती लिपी उलगडल्यानंतरही आपण तेच म्हणत असू, तर सामीच्या कामाचे श्रेय आपण जाणूनबुजून नाकारतो आहोत.

पनवेल-पेणच्या शाळांनी कार्ल्याची सहल काढताना ब्राह्मी अक्षरांचा एक तक्ता सोबत ठेवला तरी पुष्कळ होईल. ही अक्षरे सातवी-आठवीतल्या मुलाला चारदोन तासांत ओळखता येतात, आणि धेनुकाकटा हे नाव तर एकामागून एक खांबांवर पुन्हा पुन्हा भेटते. हे गाव होते कुठे, यावर अभ्यासकांचे आजही जमत नाही. कोणी डहाणू म्हणतो, कोणी आंध्रातले धरणीकोट. दामोदर कोसंबींनी बोट ठेवले ते लेण्याजवळच्याच देवघर गावावर. नवा लेख सापडला तर तिघांपैकी दोघांना, कदाचित तिघांनाही, आपले मत बदलावे लागेल.